मद्रासला नेलेलं लिंबू

यशा,

तू दुपारी जेवलास, पंखा लावून आडवा झालास आणि चार वाजता चहाला उठला नाहीस, हे तुझ्या मेहुण्याने गॅरेजवर येऊन सांगितलं तेव्हा मला पहिल्यांदा काय वाटलं, ते ऐकलंस तर पाना फेकून मारशील. मला बरं वाटलं. घरात गेला, अंथरुणावर गेला, गाडीत नाही गेला, एवढं मनात आलं. मग जॅकवर चढवलेल्या गाडीशेजारी तिथेच फतकल मारून बसलो आणि ढसाढसा रडलो. आधी बरं वाटलं, मग रडलो. क्रम असाच होता. तुझ्यापुढे आता काय लपवायचं.

लोकांना वाटतं, दोस्त गेला म्हणून बाळाराम रडतोय. ते अर्धं खरं. उरलेलं अर्धं नऊ वर्षं माझ्या छातीत अडकून बसलं होतं, आणि परवा तुझ्या जलदान विधीच्या दिवशी ते सुटलं. कसं सुटलं ते तुला सांगायला बसलोय. तू म्हणशील, बाळ्या, मुद्द्यावर ये. येतो. पण माझ्या रस्त्याने येणार.

तू आणि मी एका गॅरेजात कसे टिकलो याचं आजही लोक नवल करतात. मी खरवईचा आगरी. आमच्या घरात देव्हाऱ्यातल्या देवांपासून वेशीवरच्या देवापर्यंत कुणाला नाराज करायची सोय नाही. तू अंबरनाथच्या बौद्ध घरातला, वडिलांनी बाबासाहेबांचं बोलणं समोर बसून ऐकलेलं, आणि तेच तू मला ऐकवायचास. कंपनीत पहिली पाळी करायची, तीन वाजता डबा घेऊन गॅरेजवर यायचं, आणि यायच्या आधी शटरवरच्या लिंबू-मिरचीकडे बघून नाक मुरडायचं. दर शनिवारी भांडण. तू म्हणायचास, या लिंबाने गाडी चालत असती तर पेट्रोल कशाला भरतोस. मी म्हणायचो, हेल्मेट घालतोस ना, अपघात होतोच असं नाही, तरी घालतोस, तसंच हे. तू म्हणायचास, हेल्मेट डोक्यात बसतं. यावर मी चहा मागवायचो.

खंडेनवमीला हत्यारांची पूजा केली की दिवसभर पान्याला हात लावायचा नाही, ही माझ्या बापाची शिस्त. तू बरोबर त्याच दिवशी कुणाची तरी गाडी आणायचास. मी हळदकुंकू लावलेल्या पान्यांसमोर आडवा उभा, आणि तू घरून पक्कड आणून हसत हसत काम करतोयस. ती पक्कड पूजेतली नाही, असं वर सांगणार. एवढा राग यायचा मला तुझा. आणि गिऱ्हाईक गेल्यावर प्रसादाचे पेढे सगळ्यांत जास्त तूच खायचास.

गाडी शर्यतीला न्यायचं खूळ आपलं नव्हतं, लच्छूशेठचं होतं. उल्हासनगर कॅम्प एकमध्ये त्यांचं मोटारपार्टचं दुकान. सगळा माल आपण तिथून घ्यायचो. एक दिवस तू बारवी धरणाच्या रस्त्याने गाडी तपासायला नेलीस तेव्हा ते मागच्या सीटवर बसले होते. परत आले ते पांढरे पडून. दोन ग्लास पाणी प्यायले आणि म्हणाले, साईं, ये लड़का ग़लत धंदे में है. महिन्याभरात त्यांनी एक जुनी फियाट आणून आपल्या दारात उभी केली. टुरिंग कारच्या चॅम्पियनशिपमध्ये उतरवायची, चालवायची तू, बांधायची मी, आणि बॉनेटवर दुकानाचं नाव मोठ्या अक्षरांत. तुझं वय तेव्हा चाळीशीला टेकलेलं, आणि शेठ तुला लड़का म्हणाले म्हणून तू आठवडाभर खूश.

ते वर्ष माझ्या आयुष्यातलं सगळ्यांत चांगलं वर्ष होतं. हे मी तुला कधी बोललो नाही, आज बोलतो. रविवारी सकाळी सहाला बारवीच्या रस्त्याला लागायचं, एका बाजूला भाताची खाचरं, दुसऱ्या बाजूला जंगल. मोळ्या घेऊन येणाऱ्या बायांना आधी सांगून ठेवायचं, की आता गाडी येईल, बाजूला राहा. त्या हसायच्या, पण राहायच्या. शाळेच्या ड्रिलच्या मास्तरांकडून मागून आणलेलं स्टॉपवॉच माझ्या हातात. तू म्हणालास, घड्याळ नंतर बघ, आधी डोळे मिटून ऐक. मी पाड्याजवळच्या वळणावर डोळे मिटून उभा राहायचो. सरळ रस्त्याला इंजिनचा आवाज चढत जायचा, वळणाआधी एकदम खाली यायचा, आणि मग पुन्हा चढायचा. तो आवाज खाली आला की माझा श्वास सुटायचा. पुढे तर आवाजावरूनच मी तुला सांगायला लागलो, की आज वळणाला पाय लवकर उचललास.

चॅम्पियनशिपच्या तीन फेऱ्या होत्या, तिन्ही मद्रासला. आता चेन्नई म्हणतात, पण आपलं जे काय झालं ते मद्रासलाच झालं. पहिल्या फेरीला तुझ्या हट्टापायी लिंबू न बांधता गेलो. चाक पंक्चर झालं, तिसरे आलो. दुसऱ्या फेरीला मी ऐकलं नाही. आईने दिलेलं लिंबू-मिरची पुढच्या बंपरला टांगलं. पहिले आलो. यशा, तूच सांग, माझ्या जागी असलेल्या माणसाने काय समजायचं? तू म्हणालास, तेव्हा टायर नवे होते. टायर नवे होते हे खरं आहे. पण लिंबूही होतंच की.

शेवटच्या फेरीला पहिल्या दोघांत आलो तर आपल्या गटाची चॅम्पियनशिप आपली. शेठ तर मिरवणूक कॅम्पातून कुठून काढायची ते ठरवून बसले होते. आपण तीच गाडी चालवत मद्रासला नेली, कारण ट्रकवर घालून न्यायची ऐपत कुणाची होती. मागची सीट काढून टायर भरले. त्यांच्यावर वहिनींच्या भाकऱ्या, लसणाची चटणी आणि माझ्या आईने दिलेली सुकट. कोल्हापूर येईतो गाडीला सुकटीचा असा वास मुरला की तो मद्रासपर्यंत गेला नाही. निघताना आईने माझ्या हातात दोन लिंबं ठेवली, सात-सात मिरच्या ओवून. एक वाटेत सुकलं तर दुसरं असावं. म्हणाली, "शनवारी बांद. इसरू नको."

शुक्रवारी गाड्यांची तपासणी होती. तो तपासणारा माणूस नवा होता, पांढरीशुभ्र पँट आणि हातात दोरीला लावलेलं पेन. ब्रेक बघितले, सीटचा पट्टा बघितला, आत डोकं घालून वास घेतला आणि तुझ्याकडे विचित्र नजरेने बघितलं. तू म्हणालास, ड्राय फिश, सर. मग त्याची नजर बंपरवर गेली. मी शनिवारची वाट न बघता शुक्रवारीच बांधून ठेवलं होतं. तो म्हणाला, गाडीला लोंबणारं काही चालणार नाही, काढा. तू लगेच, आनंदाने कात्री मागितलीस. लिंबू तू कचऱ्याच्या पिंपात टाकलंस आणि माझ्यासमोर हात पुढे केलास.

"शब्द दे, बाळ्या. या गाडीला आता लिंबू लागणार नाही."

मी हातावर हात मारला. शब्द दिला. आणि त्या वेळी तो खरा दिला होता, हे मी आजही तुझ्या फोटोसमोर उभं राहून सांगू शकतो.

शनिवारी शर्यतीतल्या जागा ठरवायला वेळ लावायच्या चकरा झाल्या. आपण दुसरे आलो, म्हणजे उभं राहायला पुढच्या रांगेत जागा. तू निवांत. मी मात्र बेचैन. शनिवार गेला आणि लिंबू नाही. चॅम्पियनशिपच्या पहिल्या फेरीचं पंक्चर डोळ्यासमोरून हलेना. रविवारी सकाळी तू ड्रायव्हरांच्या मीटिंगला गेलास, मी तेल बघायला बॉनेट उघडलं, आणि पिशवीतलं दुसरं लिंबू काढलं. बाहेर लोंबणारं चालत नाही ना, मग आत बांधू, कुणाला दिसणार नाही. इंजिनमागच्या पोलादी भिंतीवरच्या एका बोल्टला काळा दोरा गुंडाळला, दोन गाठी मारल्या, आणि बॉनेट लावून टाकलं. इतका जुना मेकॅनिक मी. गरम इंजिनजवळ सैल दोरी ठेवणाऱ्या माणसाला मी गॅरेजातून हाकलून दिलं असतं. पण ती दोरी आहे असं मला वाटलंच नाही. मला ते लिंबू होतं.

शर्यत तू काय चालवलीस रे. चौथ्या चकरेला पुढे गेलास आणि मग कुणाला जवळ येऊ दिलं नाहीस. मी ट्रॅकलगतच्या भिंतीपाशी, तुला किती चकरा उरल्या ते दाखवायचा खडूचा बोर्ड घेऊन उभा. रेल्वेने आलेले शेठ माझ्या दंडाला धरून उभे, नखं रुतवून. दोन चकरा राहिल्या होत्या. लांबच्या सरळ पट्टीला तू गेलास, गाडी दिसेनाशी झाली, म्हणून मी सवयीने डोळे मिटले. आवाज चढत गेला. आता खाली येईल, आता येईल. तो खाली आलाच नाही. चढाच राहिला, आणि मग एकदम बंद झाला, आणि ट्रॅकच्या कडेला रचलेल्या गवताच्या गाठींवर गाडी आदळल्याचा धप्प आवाज आला.

मी किती धावलो ते आठवत नाही. पोचलो तेव्हा तू गाडीबाहेर उभा होतास, भुवईतून रक्त, बॉनेट उघडलेलं. तू दोन पायांवर उभा आहेस हे मी दोनदा बघून घेतलं. तू हात पुढे केलास. हातात ॲक्सिलरेटरची परतीची स्प्रिंग होती, पाय उचलला की वेग खाली आणणारी, एका टोकाचा आकडा उघडून सरळ झालेला.

"स्प्रिंग गेली, बाळ्या. पाय उचलला तरी गाडी पळतच राहिली. किल्ली बंद केली म्हणून वाचलो."

मी बॉनेटमध्ये वाकलो. बोल्टला काळ्या दोऱ्याचं टोक लटकत होतं. लिंबू नव्हतं. भाजलेल्या लिंबाचा वास मात्र होता, आणि कार्बोरेटरच्या दांडीवर एक हिरवी मिरची चिकटलेली होती. मी पाठ करून दोरा तोडला, मिरची उचलली, दोन्ही खिशात घातलं. तुझ्याकडे बघितलं तर तू रस्त्याकडे तोंड करून रुमालाने भुवई पुसत होतास. तुला दिसलं नाही असं मी समजलो. स्प्रिंग आपोआप गेली असेल, लिंबू हिसक्याने कुठेतरी झुडपात उडालं असेल, असंही समजलो. यशा, मला सोयीचं होतं ते सगळं मी समजलो. स्प्रिंगचा आकडा असा स्वतःहून सरळ होत नाही, तो तुटतो. हे मला कळत होतं. मला ते कळून घ्यायचं नव्हतं.

शेठ एक शब्द रागाचा बोलले नाहीत. तुला मिठी मारली आणि रडले. पण स्प्रिंग त्यांच्याच दुकानातली होती, हे त्यांनी मनाला लावून घेतलं. त्या बनावटीची स्प्रिंग त्यांनी दुकानातून कायमची काढून टाकली. कुणी मागितली की शिव्या घालायचे. त्यानंतर ती गाडी विकली गेली, शर्यतीचा विषय संपला. तू पुन्हा पहिल्या पाळीला जाऊ लागलास. मिरवणूक कुठली निघते.

येताना वाटेत एका हॉटेलात जेवायला थांबलो होतो, आठवतं? तुझ्या कपाळाला पट्टी. ताट आलं, कांदा आणि लिंबाची फोड ठेवलेली. तू त्या फोडीकडे बघितलंस आणि हसत सुटलास. एवढा हसलास की भुवई धरून बसावं लागलं. मला वाटलं, डोक्याला मार बसलाय, याला डॉक्टरकडे न्यायला हवं. मी घाबरून माझीसुद्धा फोड टेबलाखाली टाकली, तर तू आणखीच हसायला लागलास.

आणि आता माझ्या खऱ्या गुन्ह्यावर येतो. लिंबू बांधलं ती चूक होती. पण त्यानंतर मी जे केलं ते चूक म्हणून माफ व्हायचं नाही. चोर तो चोर, वर शिरजोर. घरी आल्यावर पंधरा दिवसही गेले नसतील, चार माणसांत विषय निघाला आणि मी म्हणालो, स्प्रिंग गेली हे खरं, पण यशाने ब्रेकही उशिरा मारला. कशाला म्हणालो? कुणी मला विचारलं नव्हतं. त्यानंतर नऊ वर्षं, जेव्हा जेव्हा कुणी मद्रासचं नाव काढलं, तेव्हा तेव्हा मी तेच म्हणत गेलो. ब्रेक उशिरा मारला. दर वेळी तू चहाचा घोट घ्यायचास आणि म्हणायचास, असेल बाबा. तुझ्या त्या "असेल बाबा"ने माझी झोप उडायची. तू एकदा तरी भांडला असतास तर मी सगळं ओकलो असतो. खंडेनवमीला भांडणारा माणूस, टायरच्या हवेवरून भांडणारा माणूस, इथे मात्र गप्प.

मद्रासहून आल्यावर दोन नव्या सवयी तुला लागल्या, आणि दोन्हींवरून मी तुला छळलं. एक, मी दुरुस्त केलेली कुठलीही गाडी तू बॉनेट उघडून आत हात फिरवून बघितल्याशिवाय चालू करायचा नाहीस. वीस वर्षांचा माझा हात, आणि तू गिऱ्हाइकासमोर माझं काम तपासणार. एकदा तर मी दोन दिवस बोललो नाही तुझ्याशी. दुसरी सवय शनिवारची. लिंबू-मिरचीवाली बाई यायची, आणि माझ्याआधी तू पुढे होऊन तिच्याकडून लिंबू घ्यायचास आणि शटरवर स्वतःच्या हाताने बांधायचास. त्यासाठी तू एक नवा खिळाही ठोकलास. मी तर अख्ख्या अंबरनाथला सांगत सुटलो, की भुवई फुटली आणि अक्कल आली, यशवंताने लिंबू मानलं. तुझ्या समाजातल्या लोकांनी तुला विचारलं असणार. तू त्यांना काय सांगितलंस देव जाणे. मला फक्त एवढं म्हणालास, तुझं बरोबर असेल बाळ्या, मी बांधतो, तू हात लावू नकोस.

माझा हात जॅकखाली चिरडला तेव्हा तीन महिने कंपनीतून येऊन माझ्या वाटणीचं काम तू केलंस. आई गेली तेव्हा खांद्याला माझ्या पुढे तू होतास, आणि आमच्या भटजीने सांगितलेलं सगळं, तुला न पटणारं, तू मुकाट्याने माझ्यासाठी केलंस. त्या दोन्ही वेळी सांगून टाकावं असं तोंडाशी आलं होतं. पण म्हटलं, इतक्या चांगल्या माणसाला आत्ता कशाला. नंतर सांगू. आणि त्या नंतरचं चार दिवसांपूर्वी दुपारी चार वाजता काय झालं ते तुला माहीतच आहे.

परवा विधीला आलो. पांढरा शर्ट घातला होता. तुझ्या लोकांबरोबर बसलो, त्रिशरण मला येत नाही, ओठ हलवले. बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या फोटोंशेजारी तुझा फोटो, त्यात ती भुवईवरची रेघ स्पष्ट दिसते. जेवणं झाली, माणसं पांगली, आणि वहिनी माझ्याजवळ येऊन बसल्या. म्हणाल्या, भाऊजी, तुम्ही जेवला नाहीत. मला राहवलं नाही. मी म्हटलं, वहिनी, मला एक सांगायचंय, यशाला सांगायचं राहिलं, ते मद्रासला...

"लिंबू का?" वहिनी म्हणाल्या.

मी मान डोलावली.

मग त्यांनी सांगितलं. तू घरी आल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी तुझे शर्यतीचे कपडे धुवायला काढले, खिसे चाचपले, तर आत एक लिंबू. काळं पडलेलं, चेपलेलं, एका बाजूने भाजलेलं, आणि त्यावर दांडीचा आकार उमटलेला. त्यांनी विचारलं हे काय. तू म्हणालास, बाळ्याचं लिंबू. मग तू त्यांना सगळं सांगितलंस. गवताच्या गाठींमध्ये गाडी थांबल्यावर तू बॉनेट उघडलंस, दांडीत अडकलेलं लिंबू उपटून खिशात घातलंस, आणि मी धावत येतोय हे बघून चांगली शाबूत स्प्रिंग काढून किल्लीने तिचा आकडा सरळ केलास. भुवईतून रक्त डोळ्यात उतरतंय, चॅम्पियनशिप गेली आहे, आणि तू उभा राहून माझ्यासाठी स्प्रिंग वाकवतोयस. हे ऐकताना मला वहिनींसमोर बसवेना.

"मला म्हणाले, त्याला कळवू नको. नाहीतर तो पुन्हा पान्याला हात लावायचा नाही. त्याने आपण होऊन सांगितलं तर तिघं मिळून हसू. नाही सांगितलं तर आपण दोघं हसू."

आणि वहिनी हसल्या, यशा. पांढऱ्या साडीत, डोळ्यांत पाणी, आणि तोंडाला पदर लावून हसल्या. म्हणाल्या, किती वेळा हसलो आम्ही भाऊजी, तुम्ही ब्रेकचं बोललात की हे घरी येऊन सांगायचे, आज पुन्हा ब्रेक उशिरा मारला मी. मीसुद्धा हसलो. तुझ्या चुलत्यांनी वळून बघितलं, की या दोघांना झालंय काय. नऊ वर्षांत पहिल्यांदा माझी छाती मोकळी झाली. घरी जाऊन जेवलो, दोन भाकऱ्या, आणि दुपारी गाढ झोपलो. तुझ्या विधीच्या दिवशी इतकी छान झोप लागली याची लाज वाटायला हवी. नाही वाटली.

झोपून उठल्यावर मात्र एक गोष्ट टोचली. जाताना वहिनी सहज बोलून गेल्या होत्या, की सुरुवातीला तुम्ही घरी आलात की हे मला खूण करायचे, आज सांगेल बघ. म्हणजे तू वाट बघत होतास. तुला लिंबाचं काही नव्हतंच. मी सांगावं एवढंच हवं होतं, आणि तेवढंही माझ्याने झालं नाही. तू मला लाज वाटू नये म्हणून नऊ वर्षं खोटं बोललास, आणि मी मला लाज वाटू नये म्हणून. दोन्ही खोटी एकाच स्प्रिंगवर टांगलेली. पण तुझं कुठे आणि माझं कुठे.

काल सकाळी लच्छूशेठकडे गेलो. थकलेत आता. पापड आणि पाणी आल्याशिवाय बोलू दिलं नाही. मी सगळं सांगितलं. मग मुलाला हाक मारून म्हणाले, "वो स्प्रिंग आज से वापस रखो. बेचारी की कोई ग़लती नहीं थी." माझ्यावर चिडले नाहीत. तू गाढव आहेस एवढं म्हणाले, आणि दारापर्यंत सोडायला आले.

आज शनिवार. नेहमीच्या वेळेला बाई आली. तू नाहीस हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. तुझ्या नावाने तिने हाक मारली. मी बाहेर आलो, सांगितलं. तिने टोपली डोक्यावरून उतरवली, एक लिंबू-मिरची काढून माझ्या हातात दिली. नको म्हणावं असं आलं मनात. मग म्हटलं, नऊ वर्षं ज्या माणसाने न मानता बांधलं त्याची पद्धत मोडायची कशाला.

शटरपाशी गेलो, हात वर केला, आणि हात पोचेना. टाचा उंचावल्या, तरी वीतभर कमीच. तुझा तो खिळा. मद्रासहून आल्याच्या आठवड्यात तू ठोकत होतास तेव्हा मी विचारलं होतं, इतक्या वर कशाला, आणि तू म्हणाला होतास, माझ्या हाताला बरं पडतं. आपल्या दोघांच्या उंचीत हातभराचा फरक. मी तिथे लिंबू हातात घेऊन उभा राहिलो आणि मला सगळं एकदम कळलं. तू लिंबाला मानलं नव्हतंस. तू लिंबू माझ्या हाती लागू देत नव्हतास.

आतून स्टूल आणलं. चढलो. दोरा खिळ्याला गुंडाळला, दोन गाठी मारल्या, आणि तिथे वरच, कुणी ऐको न ऐको, सांगून टाकलं, की यशा, मद्रासला लिंबू मी बांधलं होतं, आणि तू ब्रेक वेळेवर मारला होतास.

उतरलो. आत एक गाडी तयार होती आणि तिचा मालक किल्लीसाठी हात पुढे करून उभा होता. मी त्याला थांबवलं, बॉनेट उघडलं, आत सगळीकडे हात फिरवला. तो म्हणाला, काका, घाई आहे, तुम्हीच तर केलंय काम. मी म्हटलं, असू दे, आमच्याकडे अशीच पद्धत आहे.